वनिताचा सोमवार

माझी शेजारीण स्वतःच्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न लावायला हाँगकाँगला गेली होती.

आणि मी इथे शहापुरात धुणं वाळत घालता घालता जळून कोळसा झाले होते.

त्याला कितीतरी वर्षं झाली. काल दुपारी ती कायमची गेली. वनिता.

जळणं अजून थांबलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे जोडपं आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आलं. तिचं माहेर वैशाखरे, मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर. भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी, माझ्याच वयाची, विशीतली. नवरा, म्हणजे आमचे प्रकाश भावोजी, ठाण्याकडे कंपनीत. तिथल्या एका मित्रामुळे ते मॉर्मन झाले. मग तीही झाली.

मॉर्मन म्हणजे काय, ते गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. येशूला मानतात आणि चहा पीत नाहीत, एवढंच कळलं.

पहिलं एक वेळ चाललं असतं. दुसरं माझ्या सासूबाईंना झेपलं नाही.

"आमच्या घरचा चहा चालत नाय का गो तुला?"

"तसं नाय मावशी. कोनाकडचाच नाय चालत. दारू नाय, तंबाखू नाय, चाय-कॉफी नाय."

"दारूचं समजलं. चायनं काय घोडं मारलंय?"

मग सासूबाईंनी परसातला गवती चहा उकळून दिला. ती त्यालाही हात लावेना. नावात चहा होता ना! पुढच्या रविवारी मुंबईला सभेला गेली, तिथे विचारून आली आणि घरी न जाता थेट आमच्या दारात.

"मावशी, गवती चालतोय! त्याच्यात चहा नसतोच म्हनले!"

त्या दिवसापासून आमच्या परसातली अर्धी पात तिची झाली.

सासूबाईही अर्ध्या तिच्याच झाल्या. हे माझं पहिलं जळणं.

तिच्या धर्मात घरात बेगमी करून ठेवायला सांगितलेलं. तांदूळ, डाळी, पापड, सुकट, सगळा माळा भरलेला. तो बघून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे पयल्या मॉर्मन आमीच की गो!"

फावल्या वेळात ती क्रोशा विणायची. टीव्हीला, मिक्सरला, अगदी पाण्याच्या माठालाही पांढरं जाळीदार झबलं. माझा टीव्ही बघून म्हणाली, "उघडाच बसलाय बिचारा." आठवड्याभरात त्यालाही झबलं आलं.

तो टीव्ही कधीच भंगारात गेला. झबलं आहे.

पण खरं जळणं सोमवारचं.

सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे फक्त घरच्यांची. भावोजी कंपनीतून सरळ घरी. टीव्ही बंद. थोडी प्रार्थना, एखादं गाणं, थोडं वाचन. मग त्यांच्या छोट्या लेकीबरोबर, स्नेहाबरोबर, सापशिडी आणि शेवटी शिरा.

आमच्यामध्ये एकच भिंत.

भावोजी भयंकर बेसूर गायचे. वनिता हसायची. भिंतीच्या या बाजूला मी भाकऱ्या थापत ते हसणं ऐकायचे.

आमचे 'हे' तेव्हा नाक्यावर असायचे. माणूस वाईट नाही. घरी बसावं असं त्यांना कधी वाटलं नाही, इतकंच.

"ये ना गो सोमवारी," ती म्हणायची. "दोघं या."

दोघं.

तिथेच सगळं अडायचं.

त्यांच्या मंदिरात लग्न लावलं की ते मेल्यावरही सुटत नाही म्हणे. तसं मंदिर तेव्हा जवळपास कुठे नव्हतं, म्हणून हाँगकाँग. वैशाखऱ्याची पोर विमानात बसली, नवरा आणि लेक दोघांनाही कायमचं बांधून घेऊन आली.

ती आली तेव्हा वटपौर्णिमा होती. मी वडाला सूत गुंडाळून परत येत होते. ती दारातच उभी.

"तुमी सात जन्म मागता ना? आमी एकदाच मागून घेतलाय. तो संपतच नाय!"

जेवताना ह्यांना सहज विचारलं, "सात जन्म मीच चालेन का हो?"

"हा तर जाऊ दे आधी," म्हणाले, आणि आमटी मागितली.

मी हसले. मग मोरीत जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

गेला बराच काळ ती आजारी होती. एकदा तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा इतक्या वर्षांचं विचारून टाकलं.

"वर तिकडे तुला नवरा आहे, लेक आहे. आईबापही भेटतील म्हणतेस. मी कुठे गं?"

ती इतकी हसली की खोकला लागला.

"अगो येडे, तिथं घर असंल तर शेजार नाय लागनार? कढीपत्ता कोनाकडं मागू मी?"

"आणि हे नाही आले तर?"

तिने माझा तेलकट हात धरला.

"तू ये ना. एकटीच ये."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने 'दोघं' म्हटलं नाही.

काल भावोजी खूप रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "पुढं गेलीय. घर लावून ठेवंल."

जणू ती मुरबाडची एस.टी. पकडून गेलीय, आणि भावोजींना मागची गाडी मिळणारच आहे.

मला तसं काहीच ठाऊक नाही. तिचं खरं, की माझ्या वडाचं खरं, की कोणाचंच नाही. पण त्यांच्या त्या खात्रीचा मला इतका हेवा वाटला की रडणंही थांबलं.

आज सोमवार.

भिंतीपलीकडे कोणी बेसूर गात नाही.

वनिता, तुझंच खरं निघू दे गं.

सोमवारी दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस.

मी एकटीच येईन. चहा घरून पिऊन.

तुझ्यासाठी गवती पात आणते.