दोनशे माणसांची खांडवी

आगबोट जयगडच्या खाडीच्या तोंडाशी थांबली तेव्हा दुपार कलली होती. बोट धक्क्याला लागत नाही. ती लांबच उभी राहते आणि किनाऱ्यावरून पडाव (उतारू आणि माल नेणारी मोठी होडी) तिला येऊन भिडतात. पडाव खाली-वर होत असतो आणि तो वर आला की नेमक्या त्या क्षणी पाऊल टाकायचे असते. माझ्यापुढे एक सत्तरीची बाई काखेत कोंबडी धरून सहज उतरली. मी मात्र दोन खलाशांच्या दंडांना लोंबकळत उतरले, आणि माझ्यामागून आलेली साखरेची गोणी त्यांच्या हातून निसटून पडावाच्या तळातल्या पाण्यात पडली.

गोणी वर काढेपर्यंत निम्मी भिजली होती. तांडेलाने (पडावावरच्या खलाशांच्या म्होरक्याने) ओली बोटे चाटून पाहिली आणि गंभीरपणे सांगितले, "बाय, आता ह्याचा चहा करू नका हां."

साखर मी पुण्याहून आणली होती ती श्रीखंडासाठी. माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण मनोरमा दोन वर्षांपासून जयगडला मुलींची शाळा चालवत होती. शाळेच्या बक्षीससमारंभाला ये आणि दोनशे माणसांना पुरेल असे काहीतरी गोड कर, असे तिचे पत्र आले होते. पुण्यात मी शिकवते त्या शाळेत श्रीखंडाबद्दल माझे नाव होते, आणि मलाही ते ठाऊक होते. केशर, जायफळ, वेलदोडे असा सगळा सरंजाम घेऊन मी निघाले. एकटी बाई आगबोटीने कोकणात जाते म्हणून शेजारणींनी नाके मुरडली, तीही ऐकून घेतली.

मनोरमा बंदरावर उभी होती. उन्हाने रापली होती, पण चाल तीच, घाईची. शाळेकडे चढताना तिने मला सगळे सांगितले. शाळेत दोन तऱ्हेच्या मुली येत: वरच्या वाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या आणि बंदरालगतच्या खारव्यांच्या (समुद्रावर मासेमारी करणाऱ्यांच्या). पुरुष बहुतेक मुंबईला नाहीतर समुद्रावर. घरचे काम बायकांच्या अंगावर आणि बायकांच्या मागोमाग मुलींच्या. त्यामुळे मुली आठ दिवस येत आणि पंधरा दिवस गैरहजर राहत.

"पावसाळ्यात खात्याचे साहेब पट बघायला येणार," मनोरमा म्हणाली. "पट भरला नाही तर शाळा बंद. म्हणून म्हटलं, एकदा सगळ्या घरांना बोलवावं. मुलींना बक्षिसं घेताना बघतील, काहीतरी गोड खाऊन जातील, तर मुली पाठवायला नाही म्हणणार नाहीत."

"सगळे एकत्र बसून खातील?" मी विचारले.

"शेजारी बसणार नाहीत. पण एका मांडवात तरी बसू देत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाव पाहिले. शाळेच्या मागे सडा (जांभ्या दगडाचे उघडे पठार) पसरला होता. त्यावर करवंदीच्या जाळ्या आणि मध्येच एखादे काजूचे झाड. खाली माडांच्या झावळ्यांतून खाडी चमकत होती, पलीकडे किल्ल्याचा तट सरळ पाण्यात उतरल्यासारखा दिसत होता. वाळूवर जाळी सुकत घातलेली होती आणि त्यांच्यामध्ये बसून बायका फाटलेले दोरे सांधत होत्या. आम्ही घाटावरची माणसे कोकण म्हटले की आंबे आणि दारिद्र्य एवढेच बोलतो. त्या सकाळी मला आमच्या त्या बोलण्याची लाज वाटली. अंगणे इतकी स्वच्छ सारवलेली मी पुण्यातही क्वचित पाहिली आहेत.

मनोरमाने प्रत्येक मुलीला घरून जमेल तेवढे दूध आणायला सांगितले होते. संध्याकाळी दूध येऊ लागले. कुणी तांब्यात, कुणी वाटीत, एकीने तर नारळाच्या करवंटीत आणले. कोकणातल्या गाई लहान, त्यांचे दूधही बेताचे. घरातल्या तान्ह्या मुलाच्या वाट्याचे काढून पाठवलेले ते दूध आम्ही एका पातेल्यात ओतले आणि दोघी वाकून आत पाहत राहिलो. वीस माणसांचेही श्रीखंड झाले नसते. शिवाय उरलेली साखर चाळून वेगळी केली, तीही पुरणार नव्हती. समारंभ दुसऱ्या दिवशी दुपारी होता.

 मनोरमा पायरीवर बसली आणि पदराने कपाळ पुसत राहिली. 

तेवढ्यात एक बाई आली. काळीसावळी, उंच, कासोटा घट्ट मारलेला, हातात पितळेचा तांब्या. दुसरीत पहिली आलेल्या मुलीची ती आई. सगळे तिला जनाकाकी म्हणत.

"बाय, तुमी दूध मागितलंव," ती मनोरमाला म्हणाली. "आमच्यात गाय नाय. ह्ये नारळाचं हाय. चालंल काय?"

मला हसू आवरले नाही. मनोरमाने माझ्याकडे रागाने पाहिले. जनाकाकी मात्र जराही ओशाळली नाही. तिने पातेल्यात डोकावले आणि विचारले, "कशाला हवं व्हतं ता?"

मी तिला श्रीखंड म्हणजे काय ते समजावून सांगितले. दही, फडक्यात टांगणे, चक्का, साखर, केशर. तिने सगळे नीट ऐकले.

"दोनशे मानसांला?" ती म्हणाली. "मंग अख्ख्या तालुक्याच्या गाई आनाव्या लागतील गो. तांदूळ हायत, नारळ हायत, गूळ दुकानात हाय. खांडवी करा की. आमी नवी होडी पान्यात लोटतांव तवा सगळ्या खारवीवाड्याला खांडवीच करतांव."

मनोरमाने मान वर केली. "उद्या दुपारपर्यंत होईल?"

"सकाळी चूल पेटली की मांडवात मानसं बसायच्या आत थंड बी व्हईल," जनाकाकी म्हणाली आणि तांदूळ बघायला आत शिरली.

पहाटे मी जागी झाले ती जात्यांच्या घरघरीने. खारवीवाड्यातल्या चार घरच्या बायका धुऊन सुकवलेले तांदूळ जाडसर भरडत होत्या. दोघीजणी विळीवर नारळ खवत होत्या. अंगणात तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या होत्या. एका चुलीवर जनाकाकी तांदळाचा रवा थोड्या तुपावर भाजत होती, हातात वल्ह्यासारखा लाकडी उलथना. दुसरीवर गूळ, पाणी, किसलेले आले आणि चिमूटभर मीठ उकळत होते. प्रमाण तिने मला एका वाक्यात सांगितले: रवा जेवढा तेवढा गूळ, पाणी दुप्पट. दोन माणसांना करा नाहीतर दोनशेंना.

मी माझी केशराची डबी पुढे केली. तिने हुंगून परत दिली. "गुळात ह्ये दिसनार कुटं? ठेवा जपून."

उकळत्या गुळात खोबरे पडले, मग रवा. झाकण ठेवून वाफ आली. आता हे शिजलेले थापायचे कशात? एवढी ताटे गावात नव्हती. तेव्हा बायकांनी आपापल्या घरून सुपे आणली. वरच्या वाडीतली मनोरमा स्वतः जाऊन घेऊन आली. सुपांत केळीची पाने अंथरली, त्यावर ऊनऊन खांडवी ओतून ओल्या हाताने थापली, वर खोबरे पेरले, सुरीने वड्या पाडल्या. तासाभरात ओटीभर सुपे मांडून झाली. घामाने निथळत, वाफेने हात लाल झालेले, ती बाई सुपांच्या रांगेकडे पाहत उभी होती. इतक्या थोड्या सामानात, इतक्या थोड्या वेळात एवढे अन्न होताना मी कधी पाहिले नव्हते.

पहिली वडी तिने पानाच्या तुकड्यावर ठेवून मला दिली. माझा हात क्षणभर अडखळला. पुण्याच्या घरात जन्म काढलेली मी, खारविणीच्या हातचे कधी खाल्ले नव्हते. तिने ते पाहिले आणि चुलीकडे वळून निखारे मागे ओढू लागली. मी वडी खाल्ली. गुळाची गोडी, मागून आल्याचा झणका, आणि दाताखाली येणारा तांदळाचा रवाळपणा. मी आणखी एक मागितली, तेव्हा ती वळली.

"एक सांगू?" ती हळू म्हणाली. "मांडवात कुनी विचारलं तर तुमी केलीव म्हना. वरच्या वाडीचे आमच्या हातचं खानार नायत. मना काय नाय त्याचं. पोरी शाळेत ऱ्हावल्या म्हंजे झालं."

मनोरमाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

दुपारी झावळ्यांच्या मांडवाखाली माणसे जमली. शेतकरी एका बाजूला, खारवी दुसऱ्या बाजूला, मध्ये माणूसभर वाट. मुलींनी कविता म्हटल्या. पाट्या आणि परकराची कापडे बक्षीस मिळाली. जनाकाकीच्या मुलीने धडा वाचला तेव्हा दोन्हीकडची कुजबुज थांबली होती. नंतर मी स्वतः वाढायला उठले. प्रत्येकाच्या पानावर खांडवीची वडी आणि वर पळीभर नारळाचा रस.

वरच्या वाडीचे गावकर (वाडीचे प्रमुख) पुढेच बसले होते. त्यांनी पानाला हात लावण्याआधी विचारले, "बाई, ही कुनाच्या हातची?"

 मनोरमाचा चेहरा उतरला. जनाकाकी खांबाशी उभी होती, तिची नजर जमिनीवर.

"माझ्या," मी म्हणाले.

सगळे खाऊ लागले. स्तुती सुरू झाली. पुण्याच्या बाईंना आमची खांडवी येते, हे त्यांना फार आवडले. मी हसून मान डोलवत होते आणि प्रत्येक शब्द मला टोचत होता.

गावकरांच्या पत्नी, त्यांना सगळे राधावयनी म्हणत, दात नसल्याने सावकाश खात होत्या. त्यांनी मला जवळ बोलावले. "काय गो बाय, रवा भाजून घेतलीस की तसाच घातलास?"

साधा प्रश्न. पण मी अशी गोंधळले होते की सकाळी समोर पाहिलेले मला आठवेना. "तसाच," मी म्हणाले. "उकळत्या पाण्यात."

"तसाच कसा?" खांबापासून आवाज आला. "भाजल्याबिगर घातला तर गचका होतो त्याचा, नुसता लगदा!"

शब्द तोंडून गेल्यावर जनाकाकीने तोंडावर हात धरला. पण कुणाला काही समजायचे उरले नव्हते.

गावकरांनी अर्धी वडी पानावर तशीच ठेवली आणि उठले. त्यांच्यामागून आठदहा पुरुष उठले. दोघी आयांनी आपल्या मुलींचे हात धरून त्यांना मांडवाबाहेर नेले. एकीच्या हातात बक्षिसाची पाटी होती, ती वळून वळून मागे बघत होती. मला वाटले, संपली शाळा. आणि ती माझ्यामुळे संपली.

"तू येतस ना?" गावकरांनी वाटेत थांबून बायकोला विचारले.

"माजं खाऊन झालं नाय अजून," राधावयनी म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. "गो जना, आलं जरा जास्ती पडलंय. पन रवा झकास भाजलास. वाड आनखी एक."

जनाकाकी जागची हलेना. मी सूप उचलून तिच्या हातात दिले. तिने मधली वाट ओलांडली, खाली वाकली आणि म्हातारीच्या पानावर वडी ठेवली. उठू की नको अशा बेतात बसलेल्या बायका पुन्हा नीट बसल्या. एकीने पान पुढे केले, मग दुसरीने.

संध्याकाळी मी जनाकाकीची क्षमा मागितली. ती भांडी घासत होती.

"तुमी माज्या सांगन्यावरनं बोललांव," ती म्हणाली. "मीच गप बसायची व्हते. पन खांडवीचं चुकीचं सांगितलांव ता ऐकवंना बगा."

दोन दिवसांनी मी परत निघाले. मनोरमा पडावापर्यंत आली. शाळेचे काय होईल हे दोघींनाही माहीत नव्हते, म्हणून आम्ही हवापाण्याचे बोललो. आगबोट हलली, माडांची रांग बारीक होत गेली आणि किल्ल्याचा तट तेवढा बराच वेळ दिसत राहिला.

श्रावणात मनोरमाचे पत्र आले. सुट्टीनंतर वरच्या वाडीच्या मुली आठ दिवस आल्या नाहीत. नवव्या दिवशी राधावयनी नातीला स्वतः घेऊन आल्या, आणि तिच्या पाठोपाठ बाकीच्या. त्या दिवशी हात धरून नेलेल्या दोघी मात्र परत आल्याच नाहीत. साहेब पट बघून गेले. शाळा चालू आहे.

आता आमच्या शाळेत कार्यक्रम असला की मी श्रीखंडाऐवजी खांडवी करते. दूध मोजून आणावे लागत नाही, रात्रभर काही टांगावे लागत नाही. कुणी विचारले की शिकवणारीचे नाव सांगते. एकदोघींनी ते ऐकून वडी खाली ठेवली आहे. मी त्यांना आग्रह करत नाही, पण नाव गाळतही नाही. त्या मुलखात मी डोळे भरून खूप काही पाहिले, पण खोटेही तिथेच बोलले, तेही सगळ्या गावासमक्ष. म्हणून इथे ते लिहून मागे घेते. त्या दिवशीची खांडवी जनाकाकीने केली होती. मी ती फक्त वाढली.