बिल नको, असं मीच म्हणाले

दुकानदाराने फसवलं असं सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि सांगणारीलाही. म्हणून आधीच कबूल करून टाकते. तो कॅमेरा घेताना "बिल नको" म्हणाले ती मी. वडील शेजारीच उभे होते. "बिल घेऊ की," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते गप्पच बसले.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. नगरच्या बाजारात एका बोळात, जिना चढून वर एक दुकान होतं. घड्याळं, टेपरेकॉर्डर, अत्तरं, कॅमेरे, सगळं 'फॉरेनचं'. कंपनीच्या अधिकृत दुकानापेक्षा कॅमेरा तिथं बराच स्वस्त पडायचा. तो कुठल्या वाटेने येतो हे कुणी विचारत नसे. विचारणारा अडाणी ठरायचा, आणि मला तेव्हा अडाणी दिसायची फार भीती वाटायची. बिल घेतलं तर भाव चढणार होता. खोक्यात वॉरंटीचं कार्ड होतं, वर इंग्रजी, खाली अरबी. शिक्क्याची आणि तारखेची जागा कोरी.

"कोरंच राहू द्या ताई," दुकानदार म्हणाला. "बिघडला तर तेव्हाची तारीख टाकू. तुमचाच फायदा."

मला हे फारच हुशारीचं वाटलं. वडिलांना नाही वाटलं. ते कोर्टात शिपाई होते, तीस वर्षं दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारलेला माणूस. लिहून घेतल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. शेवटी दुकानाच्या छोट्या कार्डाच्या मागच्या बाजूला त्यांनी दुकानदाराकडून लिहून घेतलंच: कॅमेऱ्याचा नंबर, 'एक वर्षात बिघडल्यास जबाबदारी माझी', तारीख आणि सही. दुकानदाराने हसत हसत लिहिलं. मी तोवर लाजेने जिन्यात जाऊन उभी राहिले होते.

आमच्या घरात कामाचा कागद कधी उघडा ठेवत नसत. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, माझ्या मार्कलिस्टा, सगळं कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलेलं. आमच्या वस्तीत घरोघरी हेच. एखादा कागद फाटका आहे म्हणून साहेबाच्या टेबलावरून परत पाठवलेली माणसं होती ती, कागदाला घडी पडलेलीसुद्धा त्यांना सोसायची नाही. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी वॉरंटीचं कार्ड आणि दुकानाचं कार्ड पाठीला पाठ लावून लॅमिनेट करून आणलं. वरून छान दिसत होतं. सहीची बाजू आत गेली, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

माझं काम लग्नाचे फोटो काढायचं, तेही बायकांतलं. मुसलमान घरांतल्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नसे, आणि कॅमेरा घेऊन हिंडणारी दुसरी बाई माझ्या तरी माहितीत नव्हती. कॅमेरा घेतला त्याच वर्षी राहात्याच्या एका पेरूच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न मी घेतलं होतं. नवरीची आई, मी तिला चाची म्हणायचे, नगरात आमच्या सावेडीच्या घरी स्वतः आली होती.

"पोरगी निकाह झाला की सातव्या दिवशी परदेशी जानार," ती म्हणाली. "मंग दोन-दोन वरीस तोंड दिसायचं न्हाई. फोटो तेवढा राहील बघा माझ्यापाशी."

"चाची, फोटो माझ्याकडे लागले," मी म्हणाले.

लग्न रविवारी. बुधवारी संध्याकाळी मी कॅमेरा पुसला आणि सहज बटण दाबून पाहिलं. आतला आरसा वर गेला तो खाली येईना. डोळा लावला तर नुसता काळोख. सेल बदलले, लेन्स काढून परत लावली. देवाला हात जोडायची आमच्या घरात रीत नव्हती, म्हणून शिव्या दिल्या. जुना कॅमेरा विकून हा घेतलेला. ऐन लग्नसराई. ओळखीच्या पाच फोटोग्राफरांकडे जाऊन आले, पाचही जणांचे कॅमेरे रविवारी बाहेर होते. रात्री जेवण गेलं नाही. चाचीला काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात.

गुरुवारी सकाळच्या एसटीने आम्ही पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. "मीबी येतो," म्हणून वडील बरोबर आले. काउंटरवरच्या माणसाने कॅमेरा उलटसुलट करून नंबर पाहिला, मग ते लॅमिनेट केलेलं कार्ड पाहिलं.

"हा माल आखातात विकायला पाठवलेला आहे," तो म्हणाला. "आमच्या इथल्या वॉरंटीत बसत नाही. त्यात शिक्का नाही, तारीख नाही."

"मग पैसे घेऊन करा."

"केलंही असतं. पण हे मॉडेल इथं विकायला येतच नाही. पार्ट बाहेरून मागवायचा, दीड-दोन महिने धरून चाला."

माझा चेहरा बघून त्याला कीव आली असावी. आवाज उतरवून म्हणाला, "कंपनीवर तुमचा हक्क नाही. पण ज्याने विकला त्याच्यावर आहे. पैसे घेऊन वस्तू दिली की तो जबाबदार. बिल आहे?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढ्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बिल न्हाई," ते म्हणाले. "पर लिहून घेतलंय. सहीसकट."

"कुठाय?"

वडिलांनी कार्डावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच थांबलं. काय होऊन बसलंय ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्या माणसाने कार्ड ट्यूबलाइटवर धरलं. अक्षरांच्या काळपट सावल्या दिसत होत्या, वाचता येत नव्हत्या. मी पर्समधली कात्री काढली तर वडिलांनी माझा हात धरला.

"इथं न्हाई. त्याच्या म्होरं फोडायचं. सीलबंद हाय तंवर पुरावा हाय. मागून म्हनंल, तुमीच लिवलं."

परतीच्या एसटीत वडिलांनी कार्ड मांडीवर धरून ठेवलं होतं. प्लॅस्टिक सोडवताना शाई निघाली तर हातात काय उरणार, हाच विचार दोघांच्या मनात चाललेला होता.

शुक्रवारी दुकान उघडताच आम्ही हजर. दुकानदाराने कार्ड पाहिलं आणि गोड हसला.

"अहो काका, काय केलंत हे! मी आत्ता शिक्का मारून दिला असता. प्लॅस्टिकवर शिक्का बसतो का कधी?"

"शिक्क्याने काही होत नाही, पुण्याला विचारून आलेय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुम्ही विकलाय, तुम्ही जबाबदार."

"बिल दाखवा ना ताई." हसू तेवढंच. "मी विकला कशावरून?"

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली. वडिलांनी खिशातून दाढीचं पातं काढलं. छोट्या कार्डाच्या कडेच्या आतून, गव्हाएवढं अंतर राखून, त्यांनी चारी बाजूंनी पातं फिरवलं. कार्ड अलगद सुटलं. आतल्या बाजू एकमेकींना चिकटल्याच नव्हत्या. निळी शाई काल लिहिल्यासारखी ताजी होती. मग वडिलांनी ते वाचलं, कोर्टाच्या दारात पुकारा करायचे त्याच आवाजात. नंबर, जबाबदारी माझी, तारीख, आणि शेवटी दुकानदाराचं नाव, आडनावासकट. खालच्या बोळातली माणसं वर बघायला लागली. मला त्या आवाजाची आयुष्यभर लाज वाटत आली होती. त्या दिवशी वाटली नाही.

दुकानदाराने गिऱ्हाइकांना बाहेर काढून दार लोटलं.

"जा ग्राहक मंचात," तो म्हणाला. आता हसत नव्हता. "जिंकाल. पण वर्ष-दोन वर्षं जातील." मग कपाटातून एक खोकं काढून काचेवर ठेवलं. त्याच जातीचा, नवा कॅमेरा. "नाहीतर हा घेऊन जा. जुना इथं ठेवा, आणि ते कार्ड मला द्या. नव्याबद्दल मी काही लिहून देणार नाही."

मी कॅमेरा उचलला. मागचं झाकण उघडलं, ट्यूबलाइटकडे धरला आणि एकेका स्पीडवर बटण दाबत गेले. दर वेळी शटरच्या पडद्याची फट उघडून उजेड दिसत होता. कॅमेरा ठीक होता. पण हाही बिघडला तर?

"बाबा, खाली जाऊन कार्डाची झेरॉक्स काढून आणू?" मी कानाशी म्हणाले.

"सौदा करायचा तर नीट करायचा," ते म्हणाले. "परवा लगीन हाय का न्हाई?"

तीस वर्षांत या माणसाने कुणाच्या हातात मूळ कागद दिला नव्हता. साहेबालासुद्धा नक्कल द्यायचे. त्यांनी कार्ड काचेवर ठेवलं आणि दुकानदाराने त्याचे चार तुकडे केले. वडील ते तुकडे केराच्या डब्यात पडेपर्यंत बघत राहिले. जिना उतरताना म्हणाले, "केस पक्की हुती. शंभर टक्के जिंकली असती." मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

रविवारी राहात्यात पाच रोल काढले. दर फोटोला आरसा खाली आल्याचा आवाज ऐकूनच मी पुढचा फोटो घ्यायचे. आरसा दर वेळी खाली आला.

पंधरा दिवसांनी अल्बम घेऊन गेले तेव्हा मुलगी परदेशी पोचली होती. चाची एकेक पान उलटत होती, मुलीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "धाकटीचंबी तुमीच काढायचं. आत्ताच सांगून ठेवते."

मी तिच्याकडे कोरा कागद मागितला. तारीख लिहिली, कोणते आणि किती फोटो ते लिहिलं, आणि खाली लिहिलं: कॅमेरा बिघडला तर दुसरा आणायची जबाबदारी माझी. सही केली.

"कागद कशापायी, ताई? भरोसा हाय की तुमच्यावर."

"असू द्या, चाची," मी म्हणाले. "माझ्यावर माझाच नाहीये."

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवला, सहीपर्यंत.