मामांचा उजवा हात

हात वर करण्याची विद्या जगात दोघांनाच साधली होती: बोस्नियातल्या एका मेलेल्या सरदाराला आणि आमच्या मामांना. मामा मूळचे थेरगावचे. चाकणच्या कंपनीनं त्यांना एकदा मशीन बसवायला तिकडं पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी त्यांना माळावरची मध्ययुगीन थडगी दाखवायला नेलं. स्तेचक म्हणतात त्यांना. पेटाऱ्यासारखे पांढुरके दगड, त्यांवर हरणं, चंद्रकोर, हात धरून फेर नाचणारी माणसं आणि एकावर सुपाएवढा पंजा उगारून उभा असलेला पुरुष. त्या हाताचा अर्थ पंडितांना अजून नक्की लागलेला नाही. मामांना तत्काळ लागला. "राम राम घालतोय, दुसरं काय," म्हणून त्यांनीही हात वर केला, तो पुढे कधी पुरता खाली आलाच नाही. डांगे चौकात त्यांच्या हाताला रिक्षा थांबत. "मामा, बसायचं नसतंय तर हात कशाला?" एकानं वैतागून विचारलं. "तू थांबलास न्हवं? बास की. पोरं बरी हायत का?" आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत राहायला आल्यावर तर सभेत त्यांचा हात प्रत्येक ठरावाला मोजला जाई. पाण्याच्या टँकरच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडे त्यांचं मत पडलं.

मग पार्किंग वाढवायला फाटकाजवळची वीरगळ हलवायचा ठराव आला. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा गावकऱ्याचा कोरीव दगड. खाली तलवारी, वर चंद्रसूर्य. मामा त्याला बोस्नियातल्या दगडाचा सख्खा भाऊ मानत आणि रोज ओल्या फडक्यानं पुसत. सेक्रेटरी म्हणाले, "मामा, हे बोस्निया नाही. चला, संमती असेल त्यांनी हात वर करा." त्या दिवशी मामांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. ते पाहून सगळी सभाच बावरली. कुणाचाही हात उठेना. मामा सावकाश उभे राहिले. "आता माझा ठराव. दगड हितंच ऱ्हाणार. तिकडं त्यो मेलेला गडी शेकडो वर्षं हात वर करून हाय. तुमास्नी घटकाभर जमंना व्हय?" आधी हसू पसरलं, मग एकेक हात वर गेला, शेवटी सेक्रेटरींचाही. आता त्यांची गाडी रोज त्या दगडाला वळसा घालून लागते.

यंदा मामा गेले. भिंतीवर लावायला हात खाली असलेला एकही फोटो सापडला नाही. परवा फाटकातून निघताना वीरगळीपाशी माझा हात आपसूक वर गेला आणि समोर रिक्षा येऊन थांबली.

"कुठं जायचं, साहेब?"

मला कुठंच जायचं नव्हतं. मी त्याच्या पोरांची चौकशी केली.