देस्मंडसाहेब आणि सरपणाच्या चिठ्ठ्या

"आम्ही पाहुणे नव्हे हो, आम्ही आता इथलेच." देस्मंड थर्लबी हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचा. पाववाल्याच्या गाडीपाशी म्हणायचा, कुणाच्या मयताला आला तर कबरस्तानाच्या फाटकाशी म्हणायचा, आणि ऐकायला कुणीच नसलं तर आपल्या कुत्र्याला म्हणायचा. अकरा वर्षं म्हणत होता. जो खरंच इथला असतो त्याला असं काही म्हणावं लागत नाही, एवढी साधी गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही. आम्ही फ्रान्समधल्या मोर्व्हांच्या डोंगरातली माणसं. न सांगणं ही आमची जुनी सवय.

इंग्लंडात तो आयुष्यभर कुठल्याशा कचेरीत इमारतींची मापं तपासत होता. निवृत्त झाल्यावर बायकोला, रोझलिंडला, घेऊन सेर्व्हॉलला आला आणि ग्रियोंचं पडीक घर विकत घेतलं. थंडी आत येऊ नये म्हणून आमच्या आजोबा-पणजोबांनी त्या भिंतींना गिलावा दिला होता. देस्मंडनं तो सगळा खरवडून काढला, का, तर दगड सुंदर दिसतात. मग दगडांमधून थंडी आत आली. तेव्हा तो म्हणाला, ही जुनी घरं फार थंड असतात.

गुरुवारी त्याच्या दाराशी एका इंग्रजाची गाडी यायची. तिच्यातून चहाची पाकिटं, डब्यातला घेवडा आणि मऊमऊ सॉसेजं उतरायची. आमच्या खाटकाकडचं सॉसेज त्याला 'फार चवीचं' वाटायचं. नळ दुरुस्त करणारा इंग्रज, कुत्र्याचा डॉक्टर इंग्रज, छपरावरची टीव्हीची तबकडीही इंग्लंडकडे तोंड करून बसलेली. रविवारी चार गावांतले सोळा इंग्रज त्याच्या अंगणात जमायचे, केक खायचे, आणि फ्रेंच लोक आपल्यात मिसळत नाहीत म्हणून हळहळायचे.

सेर्व्हॉल म्हणजे डोंगराच्या कुशीतली एकतीस धुराडी. त्यांतल्या पंधरांतून अजून लाकडाचा धूर निघतो. सकाळी दरीत धुकं साचतं, त्या धुक्यावर हा धूर येऊन टेकतो, आणि कुणाच्या घरात काय जळतंय ते वासावरून कळतं. ओकाचा वास जड, बर्चचा गोडसर, ओल्या लाकडाचा म्हणजे आळशी माणसाचा. देस्मंडच्या धुराला वास नव्हता. त्याचं लाकूडही एक इंग्रजच ट्रकमधून आणून द्यायचा, एका मापाचं, भट्टीत वाळवलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. जंगल त्याच्या खिडकीतून दिसायचं आणि लाकूड ऐंशी किलोमीटरवरून यायचं.

ते जंगल गावाचं आहे. दर हिवाळ्याच्या तोंडाशी पाडायच्या झाडांवर रंगाची खूण होते, त्यांचे वाटे पडतात, आणि चूल असलेलं प्रत्येक घर एक चिठ्ठी उचलतं. जो वाटा येईल तो मार्चअखेर तोडायचा, वाहून न्यायचा, जागा साफ करायची. वाईट वाटा आला तर तोंड वाकडं करायचं नाही. वाटे पाडायला आणि सगळ्या गावाच्या वतीनं जबाबदार राहायला तीन पंच असतात. त्यांना पगार नाही, खुर्ची नाही. पण जंगलात त्यांनी हात वर केला की करवती थांबतात.

त्या वर्षी सप्टेंबरात फेर्नां बुशारचा थोरला भाऊ वारला. तो पंच होता. मग उरलो फेर्नां आणि मी. तिसरी जागा रिकामी झाली, आणि देस्मंडला ती हवीशी झाली. त्याला ती मनापासून हवी होती, हे कबूल केलं पाहिजे. एकदा पंच झालं की मग इथलेपण तोंडानं सांगायची गरज उरणार नव्हती.

तो मेयरबाईंकडे गेला. ओदिलबाई म्हणाल्या, "मस्यू देस्मंड, तुम्ही आजवर एक फांदी तोडली नाहीत. आधी यंदाचा वाटा तोडा. मग बघू."

लगेच त्यानं ट्रक बंद केला आणि नाव नोंदवलं. नवी करवत, नवं शिरस्त्राण, पोलादी टोकाचे बूट आणि दुरून आगीसारखी दिसणारी नारिंगी विजार घेतली. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण माणूस मापाचा. चिठ्ठ्या उचलायच्या आधीचा आठवडाभर तो फीत घेऊन पावसात जंगल मोजत फिरला. पंधराही वाटे मोजले. त्याला आढळलं, की पहिला वाटा रस्त्याला लागून आहे, त्यातली बर्चची झाडं सडसडीत आणि सरळ आहेत. अकरावा वाटा खाली ओहोळापर्यंत उतरतो आणि तिथून लाकूड वर आणायचं म्हणजे कंबर मोडायचं काम. जुनी दप्तरं चाळल्यावर त्याला हेही सापडलं, की नऊ वर्षं सलग पहिला वाटा एकाच घरी गेलाय. लेओंतीन पाजेसच्या.

हे शोधायला त्याला एक आठवडा लागला. गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

लेओंतीनमावशी ब्याऐंशीची. नवरा गेल्यापासून एकटी. रस्त्याकडेची बर्च हातकरवतीनं हळूहळू कापायची, ढकलगाडीवर रचायची, हिवाळाभर थोडं थोडं घरी न्यायची. कुणी मदत म्हटलं की तोंडावर दार लावायची. म्हणून फेर्नांच्या टोपीच्या आतल्या पट्टीत पहिल्या वाट्याची चिठ्ठी घडी घालून खोचलेली असायची. मावशीची पाळी आली की फेर्नां टोपी जराशी कलती धरायचा. ती चिठ्ठी उलगडायची, आम्ही ओरडायचो, "काय नशीब बाईचं!" आणि ती मान ताठ करून घरी जायची.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, चर्च सुटल्यावर, सगळे मेयरबाईंच्या कचेरीत जमलो. फेर्नांनं टोपी काढली. तेवढ्यात देस्मंड उठला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"एक प्रश्न आहे. पहिला वाटा दर वर्षी एकाच घरी कसा जातो?"

फेर्नांनं टोपीतल्या चिठ्ठ्या हलवल्या.

"नशीब," फेर्नां म्हणाला.

"सलग नऊ वेळा? मी गणित मांडून पाहिलंय."

"तुम्ही गणितं मांडा साहेब, आम्ही लाकडं फोडतो," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. देस्मंडही हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय.

"मी कुणावर आरोप करत नाही," तो म्हणाला, "पण टोपी ही काय पद्धत झाली? मी पंच होऊ इच्छितो, तेव्हा सुरुवात मीच करतो." पिशवीतून त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, झाकणावर किल्ल्याचं चित्र असलेला. आत एका मापाच्या, प्लास्टिक चढवलेल्या पंधरा चिठ्ठ्या. सोबत पाच नियमांचा कागद. पाचवा नियम असा, की उचललेला वाटा कुणीही कुणाशी बदलायचा नाही.

ओदिलबाईंनी फेर्नांकडे पाहिलं, फेर्नांनं माझ्याकडे, मी शेगडीकडे. बोलायचं तर मावशीसमोर बोलावं लागणार होतं. ती पुढच्याच रांगेत मांडीवर पाकीट धरून बसली होती. आमच्यापैकी कुणाची जीभ उचलली नाही, आणि त्याची लाज मला अजून आहे. शेवटी तीच म्हणाली, "डबा चांगलाय की. होऊन जाऊ द्या."

तिला अकरावा वाटा आला. देस्मंडला पहिला. त्यानं चिठ्ठी जत्रेतल्या बक्षिसासारखी उंच धरली. "बघा! पहिल्याच वर्षी!" मागे उभ्या रोझलिंडनं आणि रविवारच्या दोघा इंग्रजांनी टाळ्या वाजवल्या. नशिबाचं नाव मात्र त्या दिवशी कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी फेर्नां आणि मी त्याच्याकडे गेलो. त्यानं दुधाचा चहा पुढे केला. फेर्नांनं कप बाजूला सारला.

"वाटा बदलून द्या त्यांना. चिठ्ठी चुकीची वाचली म्हणा, हरवली म्हणा, काहीही म्हणा."

"पण पाचवा नियम आहे."

"तो तुमचाच आहे."

"म्हणून तर! मीच मोडला तर मला पंच कोण करेल?"

"पंच असतो कशाला मग?" फेर्नां म्हणाला.

देस्मंडच्या कपाळावर आठ्या आल्या. "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं फसवत होतात?"

"हो. आणि चांगलं फसवत होतो."

तेवढ्यात रोझलिंड मायेनं म्हणाली, "त्यांच्यासाठी आम्ही करू काहीतरी." आणि त्यांनी केलं. रविवारच्या मंडळानं लेओंतीनमावशीला विजेची शेगडी दिली, वर लाल फीत बांधून. फोटो काढला. मावशीनं आभार मानले, परतभेट म्हणून सहा अंडी दिली आणि शेगडी खुराड्यात नेऊन ठेवली. त्या हिवाळ्यात तिच्या कोंबड्या इंग्लंडच्या कृपेनं ऊबेत होत्या.

जानेवारीत देस्मंडनं वाटा तोडला. अकरा दिवसांत. चांगला तोडला, त्यात खोट नाही. रस्त्याकडेला एका उंचीचे ढीग रचले, वर हिरवी ताडपत्री घातली, तीवर स्वतःच्या नावाची पाटी लावली. त्याच ढिगांशेजारून मावशी रोज दुपारी खाली ओहोळाकडे उतरायची आणि संध्याकाळी दोन-चार फांद्या दोरीनं ओढत वर यायची. देस्मंड तिला हात उंचावून अभिवादन करायचा. आम्ही मदतीला गेलो की ती म्हणायची, "माझा वाटा आहे. मी तोडीन. चालते व्हा."

फेब्रुवारीत ती ओहोळापाशी घसरली. कुणाला बोलली नाही, पण पाव घेताना पाववाल्यानं तिच्या मनगटाची पट्टी पाहिली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कुणी कुणाला निरोप दिला नाही. सकाळी दव गोठून गवत पांढरं झालं होतं, आणि त्या गवतावर तेरा घरांच्या पावलांचे ठसे अकराव्या वाट्याकडे उतरत गेलेले होते.

"काय तमाशा आहे हा?" मावशी करवत घेऊन आली ती ओरडतच.

"मावशी," फेर्नां म्हणाला, "मार्चअखेर जागा साफ झाली नाही तर जाब मला विचारतात. तेव्हा तुम्ही त्या ओंडक्यावर बसा आणि आम्हाला शिव्या द्या."

"देईनच," ती म्हणाली. बसली, आणि दिल्या. माझी करवत बोथट होती, ओदिलबाईंना गाठ मारता येत नव्हती, फेर्नां बापासारखाच वाकडं कापत होता.

दहाच्या सुमाराला वर रस्त्यावर नारिंगी विजार दिसली. करवतींचा आवाज ऐकून देस्मंड आला होता, डोक्यावर शिरस्त्राण घालून.

"मला का नाही बोलावलं?"

"कुणालाच बोलावलं नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

तो उतार उतरून थेट ओदिलबाईंसमोर उभा राहिला. "सगळे इथे आहेतच, तर पंचाचं ठरवून टाका. मी वाटा वेळेआधी तोडलाय. सगळे नियम पाळलेत."

ओदिलबाईंनी हात एप्रनला पुसले. "फेर्नां?"

"लेओंतीन पाजेस," फेर्नां म्हणाला. मान वर न करता.

"लेओंतीन," मी म्हटलं. उतारावरून एकेक जण तेच नाव घेत गेला.

"त्या?" देस्मंडचा आवाज चढला. "त्यांना धड करवत उचलत नाही! आणि त्या टोपीचा फायदा तर सगळ्यांत जास्त त्यांनाच..."

तो थांबला. आपण काय बोलतोय आणि कुणासमोर, हे त्याला उमगलं तेव्हा बोलून झालं होतं. करवती एकामागून एक थांबल्या.

मावशी ओंडक्यावरून उठली नाही. "नऊ वर्षं माझ्या बोटांना घडीची चिठ्ठी लागायची," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्या सपाट. मी काय आंधळी आहे? दर वर्षी 'अगंबाई, पुन्हा पहिला!' म्हणायचे. ह्या टोणग्यांना वाटायचं, म्हातारीला काही कळत नाही. तसं त्यांना वाटू द्यायचं, हेही कामच होतं, मस्यू. तुम्हाला एक सकाळ गप्प बसवलं नाही."

फेर्नांचे कान लाल झाले. आम्ही बाकीचे आपापल्या बुटांकडे पाहत होतो.

"पण माझी मापं बरोबर होती," देस्मंड म्हणाला.

"बरोबर होती," फेर्नां म्हणाला. "आता सरका, ओंडका वर घ्यायचाय."

ओकाच्या जाड ओंडक्याला दोरी बांधली. ओढायला पाच जण लागतात, दोरीला आम्ही चौघे होतो, बाकीचे फांद्यांत गुंतले होते. दोरीच्या शेवटी एका माणसाची जागा मोकळी होती. देस्मंडला ती दिसली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग आपल्या कोऱ्या हातमोज्यांकडे. मग वळला आणि उतार चढायला लागला, दोनदा घसरला, रस्त्याला लागला आणि ताडपत्रीच्या ढिगांच्या कडेनं घराच्या दिशेनं चालत निघाला. आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही, दोरीला ताण होता. एकटी लेओंतीनमावशी, दुखरा हात मांडीवर ठेवून, ती नारिंगी विजार वळणावरच्या झाडांत दिसेनाशी होईपर्यंत तिकडे बघत होती.