पावणं उपाशी गेलं तो रविवार

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी खाणावळ आहे. टेबलं सहाच, पण रविवारी दुपारी रांग लागते ती थेट रेल्वे स्टेशनपर्यंत जाते आणि हातकणंगल्याची गाडी पकडायला आलेली माणसं चुकून त्याच रांगेत उभी राहून माझ्याकडं जेवून जातात. माझ्या तांबड्या रश्श्याचा एक घोट घेतला आणि पुण्याच्या एका पावण्याच्या चष्म्याची काच वितळून ताटात पडली. त्यानं ती पापड समजून खाल्ली आणि वर आणखी एक मागितला.

हे मी गिऱ्हाइकांना सांगत असते तेव्हा गल्ल्यावर बसलेली माझी भाची पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "आत्ती, निम्मं कर."

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भावाचं गाव हातकणंगल्याकडं, घरी म्हशी, दुधाचा धंदा. बँकेच्या परीक्षेच्या क्लाससाठी ती माझ्याकडं राहायला आली, दुपारी गल्ला सांभाळायला लागली आणि माझ्या प्रत्येक गोष्टीला कात्री लावायला लागली. मी म्हणायचे, एका पंगतीला चारशे माणूस जेवलं. ती म्हणायची, निम्मं कर. मी दोनशेवर यायचे. ती पुन्हा म्हणायची, निम्मं कर. असं करत करत आम्ही खऱ्याच्या अगदी वेशीपर्यंत जायचो आणि तिथं मी हट्टानं बसकण मारायचे. गिऱ्हाईक रश्श्यापेक्षा या भांडणालाच जास्त येत होतं, असं ती म्हणते. हे मात्र मी निम्मं केलंय.

ती एकविसाव्या वर्षात असताना तिची सुपारी फुटली. म्हणजे लग्न ठरलं. मुलगा शहरातला, ट्रॅक्टर विकायचं दुकान, बुलेट, बोलणं असं की साखर कारखान्यानं त्याला कामावर ठेवावं. पहिल्याच भेटीत मला "आत्तीसाहेब" म्हणाला. मला कुणी साहेब म्हटलं की मी त्याला दोन वाट्या जास्त वाढते, त्याला चार वाढल्या.

आमच्याकडं सुपारी फुटली की मुलगी निम्मी त्या घरची झाली, असं धरतात. कुठली निम्मी, ते कुणी विचारत नाही. त्यामुळं तो पन्हाळ्याला फिरायला नेतो म्हणाला तेव्हा भावानं फोनवरूनच परवानगी दिली. "जाऊ दे की अक्का, आता काय परकं हाय का त्ये?"

पन्हाळ्याहून आली आणि पोरगी गप्प झाली. मला आधी कळलंच नाही. तिनं पुस्तक उघडलेलं असायचं, गिऱ्हाइकाला सुट्टे पैसेही नीट द्यायची. एके दिवशी मी एका पावण्याला सांगत होते की माझा पांढरा रस्सा पिऊन नव्वदीच्या म्हाताऱ्याला नवे दात आले. गल्ल्याकडून आवाज नाही. मी म्हाताऱ्याच्या डोक्यावर केस उगवले. आवाज नाही. मी म्हाताऱ्याचं दुसरं लग्न लावलं, वरातीत घोडं नाचवलं, तरी "निम्मं कर" येईना. पावणं हसून लोळत होतं आणि मी वाढायचं सोडून गल्ल्याकडं बघत होते.

पुढं काही आठवड्यांनी ती पांढऱ्या रश्श्याचा वास आला की उठून मोरीकडं पळायला लागली. माझ्या पांढऱ्या रश्श्यापासून आजवर कुणी पळालेलं नव्हतं. मी निदान केलं, कावीळ. गावाकडं फोन करून कळवलं, आणि शहरात मिळेल तेवढा उसाचा रस आणून तिला पाजला. कावीळ उतरेना. मग एका दुपारी, खाणावळ रिकामी, आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो, तेव्हा ती बोलली.

"आत्ती, गडावर फिरायला म्हणून न्हेलं आन् मित्राच्या लॉजवर घिऊन गेला. च्या पिऊ म्हणाला. मी नको म्हटलं. लई येळा नको म्हटलं. त्यो म्हणाला, सुपारी फुटलीया, आता तू माझीच की, नको कसलं? दाराला आतनं कडी हुती. आन् आता पाळी चुकलीया."

"मग इतके दिस बोलली का न्हाईस, बाळा?"

"बोलून काय? सगळी म्हणणार, लगीन त्याच्यासंगंच हाय की."

मी कशातही मसाला घालू शकते. या चार ओळींत घातलेला नाही.

तिच्या हातातली लसणीची पाकळी मी काढून घेतली. पाकळी कधीचीच सोलून झाली होती आणि पोरगी सोलतच होती.

स्टेशनजवळ बायकांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्यासमोर मी तोंड उघडलं आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." मला आयुष्यात कुणी असं बाहेर काढलेलं नव्हतं. लग्नांतनं नाही, मयतीतनं नाही. मी बाहेर बसले. बऱ्याच वेळानं आत बोलावलं. भाचीचं तोंड रडून सुजलं होतं, पण ताठ बसली होती.

"ही सज्ञान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठेवायचं की नाही ते ही ठरवणार. सही हिचीच लागते. होणाऱ्या नवऱ्याची नाही, वडिलांची नाही, आणि तुमची तर नाहीच."

"माझी का न्हाई?" मी उगाच विचारलं.

"आत्ती," भाची म्हणाली, "मला नको हाय. त्ये पण नको आन् त्यो पण नको."

पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर त्या मदत करतील, आज जमलं नाही तर पुढंही देता येते, हेही त्यांनी तिला शांतपणे समजावलं. तपासण्या झाल्या. सोमवारी या म्हणाल्या.

पण कोल्हापुरात दवाखान्याच्या बाकड्यावर बसलं की शेजारची बाई पाचव्या मिनिटाला नात्यातली निघते. मी बाहेर बसले होते तेव्हा एक बाई भडंग खात माझ्याकडं बघून गोड हसत होती. ती नवऱ्यामुलाच्या आईची मावसबहीण निघाली. आमची रिक्षा सिग्नलला थांबली, बातमी थांबली नाही. आम्ही घरी पोचायच्या आत मुलाच्या आईचा गावाकडं फोन गेला होता, तोही आनंदाचा. संध्याकाळी भावाचा मला आला.

"अक्का, कावीळ म्हणालीस की गं!"

"मग?"

"रविवारी पावणं येत्यात. पंधरा दिसांत लग्नाचा बार उडवून टाकायचा. बोकड सांगून आलोय."

आमच्याकडं अडचण आली की आधी बोकड सांगतात, मग अडचण काय आहे ते विचारतात.

"पोरीला इचारलंस?"

"तिला काय इचारायचं? दुसरा असता तर हात झटकून मोकळा झाला असता. ह्यो लगीन करतोय." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, माझी झोप उडालीया गं." भाऊ वाईट नाही. पोरगी बुडतेय एवढंच त्याला दिसलं होतं आणि हाताला येईल ती दोरी तो टाकत होता. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, ते त्यानं पाहिलं नव्हतं.

रविवारी गावाकडं जाताना मी गाडीत थापा रचत होते. आमच्या घराण्यात जावयाचे केस वर्षात गळतात. एका बाबांनी सांगितलंय, मुलीचं तिशीच्या आत लग्न केलं तर सासूची वाचा जाते. सासूची वाचा मला फारच आवडली होती.

"आत्ती," भाची म्हणाली, "आज तू बोलू नगंस."

"एक तरी?"

"एक पण न्हाय."

सोप्यात सतरंजी घातलेली. आत भावजयीनं मटण चढवलं होतं, वास वेशीपर्यंत. भाची ओढणी नाकाला लावून बसली. पावणे तिघं. मुलगा, त्याची आई आणि त्याचा चुलता. मुलगा मोबाईल बघत होता. बोलणं चुलत्याकडं होतं.

"पोरगी आता आमची, पोरगा तुमचा. सुपारी फुटली म्हंजे निम्मं लगीन झालंच की. ऱ्हायलेलं निम्मं आता उरकू."

मुलाच्या आईनं पुढं होऊन भाचीच्या मांडीवर साडी ठेवली. "आता माझ्या नातवाला जपायचं हं."

भाचीनं साडी उचलली आणि सतरंजीवर ठेवली.

"मला हे लगीन करायचं न्हाय. गडावर मी नको म्हटलंतं. ह्यानं ऐकलं न्हाय."

मग चुलता हसला. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून.

"आवो, पोरगी आत्तीवर गेलीया! आत्तीच्या रश्श्यात चष्मं वितळत्यात, म्हाताऱ्यांस्नी दात येत्यात. ही पण वाढवून सांगायला शिकली!"

मुलाची आई हसली. मुलगाही हसला, मोबाईल बघत. हयातभर लोकांना हसवण्यासाठी जमवलेल्या माझ्या थापा त्या पोरीच्या अंगावर दगडासारख्या फेकल्या जात होत्या. मी उभी राहिले. तोंड उघडलं. आत असं काही तयार होतं की ते तिघं हातकणंगल्याच्या स्टेशनापर्यंत अनवाणी पळाले असते. भाचीनं माझ्याकडं फक्त पाहिलं. मी बसले. यापेक्षा अवघड काम मी केलेलं नाही.

भाऊ चहाच्या कपात बघत होता. त्यानं मान वर केली आणि चुलत्याला सोडून थेट मुलाला विचारलं, "ती नको म्हणालीती?"

"आवो," मुलगा म्हणाला, "पोरी तसं म्हणत्यातच की."

भावानं कप खाली ठेवला.

"माझ्या अक्काचं सगळं निम्मं करावं लागतंय, खरं हाय," तो चुलत्याला म्हणाला. "पर त्ये निम्मं करणारी ही माझी पोरगी हाय. हिनं जल्मात कवा वाढवून सांगितलं न्हाय. आत्ता बी कमीच सांगितलं असंल."

आत गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला, खट्. मग भावजय पदराला हात पुसत बाहेर आली. ती सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती.

"वन्सं, ताटं मांडू नगा," ती मला म्हणाली. "पावणं निघाल्यात."

आमच्या बाजूला पावणा उपाशी जात नाही. भाऊबंदकीचा दावा लावायला आलेल्या माणसालाही आधी वाढतात. आमच्या गोठ्यात एकदा चोर सापडला, त्याला पोलीस येईपर्यंत जेवू घातलं होतं. (हे निम्मं करा. चहा दिला होता.) आणि इथं पातेल्यात रटरटलेलं मटण, समोर तीन पावणे, आणि घरची बाई म्हणते निघा. तिनं शिवी दिली असती तर परवडली असती.

"सुपारी फुटल्यावर असं कोण करतंय?" मुलाची आई उंबऱ्यात म्हणाली.

भावजयीनं साडीची घडी नीट करून तिच्या हातावर ठेवली. "फुटली तर फुटली. चावून थुकून टाकली म्हणायचं."

ते गेले. भाऊ गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसला. थोड्या वेळानं भाची त्याच्यामागं गेली. दोघं काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी गेलेच असते, पण भावजयीनं माझा पदर घट्ट धरून ठेवला होता.

सोमवारी दवाखान्यात पोचलो तर भाऊ आधीच बाकड्यावर. पहाटेची धार काढून मोटारसायकलवरनं आला होता, गुडघ्यांमध्ये दुधाची किटली. सगळ्या बायकांत एकटा बाप्या. भाची आत गेली. शेजारच्या बाईनं अपेक्षेप्रमाणं विचारलं, "काय पावणं, कुणाला घिऊन आलाय?"

माझ्याकडं तीन उत्तरं तयार होती, पहिलं कावीळ.

"माझी पोरगी हाय आत," भाऊ म्हणाला. एवढंच. बाईनं किटली ठेवायला थोडी सरकून जागा केली.

भावजय आठवडाभर माझ्याकडं राहिली. पोट दुखायचं तेव्हा शेकायला गरम पाण्याची पिशवी, दूध, मऊ भात. भाची कधी रडली, कधी कुणावरही ओरडली, कधी दिवसभर भिंतीकडं तोंड करून झोपली. अजूनही दारात बुलेट वाजली की तिचा हात गल्ल्यावर थांबतो. तक्रारीचं तिनं अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरीणबाईंकडं दोनदा जाऊन बोलून आली आहे. आम्ही विचारत नाही, ती म्हणेल त्या दिवशी आम्ही तिघंही बरोबर जाणार आहोत.

मग एका रविवारी गर्दीत मी सांगत होते की परवा एक पावणा माझ्याकडं एकटा एकवीस भाकरी जेवला, आणि गल्ल्याकडून आवाज आला, "आत्ती, निम्मं कर."

मी त्या टेबलाला रस्सा फुकट वाढला आणि कांद्याच्या टोपलीकडं तोंड करून उभी राहिले. कांदा तिखट होता.

हे लिहून झाल्यावर तिला विचारल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून गल्ल्यावरच वाचून दाखवलं. तिनं हाताची घडी घालून ऐकलं.

"चष्मा वितळला न्हवता. वाफ धरलीती."

"बरं."

"रांग कोपऱ्यापतूर बी जात न्हाय. निम्मं कर."

"करते. आणि तुझं?"

तिनं गल्ल्याचा खण ओढला, लावला, पुन्हा ओढला.

"माझं हाय तेवढं राहू दे," ती म्हणाली.