विमानाचे नऊ तास

माझा मोठा भाऊ लंडनला असतो, म्हणजे रत्नागिरीजवळच्या आमच्या पावस गावापासून नऊ तासांवर. हे त्याने मोबाइलवर काढलेलं. एकीकडे लंडन टाकायचं, दुसरीकडे रत्नागिरी, की मधे सरळ रेघ येते आणि खाली विमानाचे तास. रत्नागिरीला उतरणार कुठल्या विमानाने, हे त्या रेघेने सांगितलं नाही आणि दादाने विचारलं नाही.

"तुम्हाला मुंबईहून गावी यायला जेवढे तास लागतात, तेवढ्यात मी लंडनहून येतो," हे वर्षभर फोनवर ऐकवायचा. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, पण हे त्याला सांगणार कोण?

त्या वर्षी बाबांचे गुडघे गेले. आमच्याकडे चतुर्थीच्या सकाळी मूर्तिकाराकडून गणपती डोक्यावर घेऊन चालत आणायचा, गाडीतून नाही. आयुष्यभर बाबांनी आणला, मी पुढे झांज वाजवत. आता दादाने आणावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. दादा "आलोच" म्हणाला. मी म्हटलं, दोन दिवस आधी निघ, सगळे चाकरमानी रस्त्यावर असतात. तर म्हणे, "रजा कशाला फुकट घालवू? आदल्या दिवशी सकाळी मुंबईत उतरतो, रात्री जेवायला घरी."

उतरला, अगदी वेळेवर. मग भाड्याची गाडी केली. दुपारी फोन आला पनवेलहून, संध्याकाळी माणगावहून. चतुर्थीला सकाळी आठला साहेब चिपळुणात.

"अगं, गाडी हलतच नाहीये."

"मग त्या रेघेवरून ये," मी म्हटलं. दया यायला हवी होती, नाही आली.

कारण इकडे बाबा आंघोळ करून, चहाचा घोटही न घेता ओटीवर बसले होते. गाडीचा आवाज आला की मान वर करायचे, गाडी पुढे गेली की खाली. ते बघून मला दादाचा संताप आला आणि रडूही आलं. तेवढ्यात मूर्तिकाराचा निरोप आला, सगळे गणपती गेले, तुमचा एकटाच राहिलाय.

"मी आणते," मी म्हटलं.

"बाईमाणसाने कधी..." एवढं बोलून बाबा थांबले. मग खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ वळली आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवली. "जा गो. सावकाश ये."

दादा पोचला तेव्हा आमची जेवणं उरकली होती. उरलेले मोदक खात त्याने आम्हाला रस्त्याच्या अवस्थेवर भाषण दिलं.

यंदा महिनाभर आधीच त्याचा फोन आला. तिकीट काढलंय, चार दिवस आधी पोचतोय, गणपती मीच आणणार.

"ये की," बाबा म्हणाले. "झांज वाजवायला माणूस हवंच आहे."