व्हर्लिन टेस्मरचे थेंब

व्हर्लिन टेस्मरच्या बैठकीच्या खोलीत पाच आठवडे एक टाकी रिकामी होती. रिकामी म्हणजे माशांविना. तळाला माती होती, मातीवर बारीक वाळू, वाळूत लांब पात्यांचं गवत, दगडांवर शेवाळ, पाण्यावर तरंगती पानं. दिवा लागला की सगळं हिरवंगार दिसायचं. हलायचं मात्र काहीच नाही. व्हर्लिन समोर खुर्ची टाकून बसायचा आणि त्या न हलणाऱ्या पाण्याकडे बघत राहायचा. आजारी माणसाच्या खोलीबाहेर बसावं तसा.

मी त्याच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. साहित्याची पदवी घेतली आणि अमेरिकेत, सरोवराकाठच्या शिबॉयगनमध्येच चीजच्या कारखान्यात लेबलं तपासायच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी मी त्याला मिस्टर टेस्मर म्हटलं.

"मिस्टर टेस्मर माझा बाप होता," तो म्हणाला. "तो मेला. मी व्हर्लिन. आणि तू ती पुस्तकं शिकलेली. प्रोफेसर."

तेव्हापासून मी प्रोफेसर.

तो एकोणसत्तर वर्षांचा होता. एकतीस वर्षं त्याने कारखान्यात पितळ वितळवून नळाच्या तोट्या ओतल्या. लग्न एकदा केलं, ते दोन वर्षांत मोडलं. "घाई केली होती," एवढंच तो त्याबद्दल सांगायचा. त्यानंतर त्याने कशाचीच घाई केली नाही. पत्ते खेळताना एक पान टाकायला तो इतका वेळ घ्यायचा की समोरचा उठून बिअर घेऊन यायचा. शुक्रवारी सगळं गाव तळलेला मासा खायला कोपऱ्यावरच्या गुत्त्यात जमायचं. व्हर्लिन तिथे सॉसेज मागवायचा.

"खा की रे, तुझा नातेवाईक नाही तो," कुणीतरी म्हणायचंच.

"खात्री करून सांग," तो म्हणायचा.

तळघरात त्याच्या सोळा टाक्या होत्या. बहुतेक मासे गावातल्या मत्स्यप्रेमींच्या क्लबातून आलेले. क्लबातून घरी दहा मिनिटं. नवा मासा घरी आला की त्याचा एक विधी असायचा. पिशवीतलं पाणी माशासकट बादलीत ओतायचं. टाकीतून बादलीत एक बारीक नळी सोडायची. नळीला गाठ मारायची, म्हणजे पाणी थेंब थेंब पडतं. तासभर पडू द्यायचं. माशाला नव्या पाण्याची सवय होते. मग जाळीने उचलून टाकीत. व्हर्लिन दोन तास लावायचा. त्या दोन तासांत तो रेडिओसुद्धा लावायचा नाही.

या विधीची चेष्टा करणारं एकच माणूस होतं. आर्डिथ कॉइल, दूर वाळवंटातल्या टूसन शहरातली. दोघं आयुष्यात दोनदाच भेटले होते, माशांच्या संमेलनात. पण तीस वर्षं दर रविवारी फोन. मी जिन्यावरून ऐकायचे.

"मासा म्हणजे पाव नव्हे व्हर्लिन, भिजत घालायला." तिचा आवाज फोनबाहेर यायचा.

"आणि दगडही नव्हे, भिरकावायला."

"माझे जगतात."

"माझेही जगतात."

"तुझे कंटाळून जगतात."

आर्डिथकडे बारा मासे होते. बोटाएवढे, रुपेरी, नरांच्या शेपटीला पिवळी किनार. त्यांचं लॅटिन नाव व्हर्लिन पूर्ण घ्यायचा. मला ते कधी जमलं नाही. मेक्सिकोत एका झऱ्यात ते राहत. झऱ्यावर पंप बसले आणि झरा आटला. नंतर ते फक्त काही लोकांच्या टाक्यांत उरले. ते लोक म्हातारे झाले, टाक्या फुटल्या, वीज गेली. शेवटी आर्डिथची टाकी राहिली. त्या बारांखेरीज जगात कुठे कुणाकडे ते असल्याचं दोघांनाही माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये आर्डिथ पडली. खुबा मोडला. मुलाने तिला वृद्धाश्रमात नेलं आणि घर विकायला काढलं. जानेवारीच्या शेवटी घर रिकामं द्यायचं होतं. मुलगा वाईट नव्हता. त्याला मासे कळत नव्हते, एवढंच.

"तू घे ते," आर्डिथ म्हणाली.

"मी टपालाने मासा मागवत नाही. चाळीस वर्षांत मागवला नाही. तोही जानेवारीत?"

"मग मी ते वृद्धाश्रमात तांब्यात ठेवू?"

मग त्याने तळघरातून मोठी टाकी वर आणवली. चार जण लागले.

गवत त्याने असं निवडलं की आमच्या सरोवराच्या चुनखडीच्या पाण्यात तगेल. तरंगती पानं पिल्लांसाठी. हे मासे अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात आणि पिल्लांना लपायला जागा लागते. रोज सकाळी तो टाकीचं पाणी एका काचेच्या नळीत घ्यायचा आणि औषधाचे थेंब टाकायचा. हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया आहे, म्हणजे विष. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं. नवी माती विष सोडते. गवत ताजं दिसतं म्हणून फसू नये, असं तो सांगायचा.

पहिले तीन आठवडे नळी हिरवी होती.

"तोवर दोन-चार साधे मासे तरी सोड," मी म्हटलं. "ते निळे-तांबडे चमकणारे. बघायला काहीतरी."

"हिरव्या पाण्यात?"

"बरं, पिवळं झाल्यावर. त्यांच्या सोबतीला."

"प्रोफेसर, ते निळे-तांबडे कुठून येतात, अंगावर काय घेऊन येतात, मला ठाऊक नाही. एकाला खाज असली तरी बाराही जातील. या टाकीत पाहुणे नाहीत."

चौथ्या आठवड्यात नळी पिवळी झाली. सात दिवस पिवळीच राहिली. व्हर्लिनने फोन केला. मुलाने मंगळवारी खोकं पाठवलं. आर्डिथने वृद्धाश्रमातून एका दुपारची सुट्टी घेतली होती आणि चाकांच्या खुर्चीत बसून मासे स्वतः बांधले होते.

बुधवारी खोकं यायचं होतं. बुधवारी बर्फ पडलं. गुरुवारीही. खोकं वाटेत कुठल्या तरी गोदामात थांबलं होतं. व्हर्लिन खिडकीशी उभा होता. सरोवराच्या काठचं बर्फ दाबलं जाऊन कण्हत होतं. आम्हाला त्याची सवय आहे. त्या दिवशी मात्र तो प्रत्येक आवाजाला मान वळवत होता.

"तीन दिवस," तो म्हणाला. "ओंजळभर पाण्यात तीन दिवस."

मी कामाला गेले नाही.

शुक्रवारी अकराला खोकं आलं. थर्माकोल, आत वर्तमानपत्र, ऊब देणारी पुडी केव्हाच थंड पडलेली. तीन पिशव्या. दोन पिशव्यांवर आर्डिथने 'माद्या' लिहिलं होतं. तिसरीवर 'नर'. नर पिशवीत माद्यांना चावतात म्हणून वेगळे. पाणी पिवळट झालं होतं. मासे पिशवीच्या वरच्या भागात तोंडं उघडत होते.

व्हर्लिनने मोजले. पुन्हा मोजले.

"नऊ माद्या. तीन नर. बाराच्या बारा, प्रोफेसर. जिवंत!"

त्याने माझा खांदा इतका दाबला की दुखला. त्याला आनंदाने ओरडताना मी तेव्हाच पाहिलं.

खोक्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. चष्मा स्वयंपाकघरात राहिला म्हणून त्याने मला वाचायला सांगितलं. मी वाचली.

'हट्टी गाढवा, थेंब नकोत. पिशवी फाड, मासे जाळीत घे आणि सरळ टाकीत सोड. पिशवीतलं पाणी टाकीत नको. या वेळी तरी ऐक.'

'या वेळी तरी'खाली दोन रेघा होत्या.

मी ती आर्डिथच्या आवाजात वाचली. नाक वर करून, शब्द ओढून. त्या रेघांसाठी मी मुद्दाम थांबले. मला ती तीस वर्षांच्या भांडणातली एक प्रेमळ खोडी वाटली. व्हर्लिन हसला. मीही हसले.

"मरेपर्यंत सुधारायची नाही ही बाई," तो म्हणाला आणि बादली आणायला गेला.

माद्या आधी. त्या जास्त मोलाच्या. त्यांच्याशिवाय पिल्लं नाहीत. त्याने दोन्ही पिशव्यांच्या गाठी सोडल्या आणि पाणी माशांसकट बादलीत हलकेच ओतलं. नरांची पिशवी तशीच बंद, टाकीत तरंगत ठेवली. नळी लावली, गाठ मारली. टप. टप. तो बादलीशेजारी स्टुलावर बसला. मी जमिनीवर.

दहा मिनिटांनी एक मादी वर आली आणि गोल फिरायला लागली.

"प्रवासाने दमली," तो म्हणाला.

वीस मिनिटांनी एकीने उडी मारली. बादलीच्या कडेवर आपटून परत पाण्यात पडली. तिचे कल्ले लाल झाले होते. आतून खरवडल्यासारखे.

"व्हर्लिन, कल्ले बघ."

"पाणी जोरात जातंय. सोसत नाहीये त्यांना."

त्याने गाठ आणखी आवळली. थेंब आणखी सावकाश पडायला लागले.

मी बादलीकडे बघत होते. तिघी एका कुशीवर होत्या. टाकीत नर आपल्या घाणेरड्या, बंद पिशवीत तसेच तोंडं उघडत होते. ना वाईट, ना बरे. सकाळी होते तसेच. मला ते दिसत होतं. त्याचा अर्थ लागत नव्हता.

"यांना उचलून टाकीत टाकूया," मी म्हटलं.

"नको. धक्का बसेल. आता सोडल्या तर नक्की मरतील."

"इथेच मरतायत."

"थांब म्हटलं ना!"

त्याने माझ्यावर आवाज चढवला. असं आधी कधी झालं नव्हतं. मी थांबले. किती वेळ, सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील. त्या पाच मिनिटांत चौथी आणि पाचवी उलटल्या.

मग त्याने चाचणीची नळी उचलली, बादलीत बुडवली, औषधाचे थेंब टाकले. पाणी लगेच हिरवं झालं. इतकं गडद हिरवं की काळं वाटावं. तो त्या नळीकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. त्याला ते माझ्याआधी कळलं. मला त्याने नंतर सांगितलं.

बंद पिशवीत माशांच्या श्वासाने पाणी आंबट होतं. आंबट पाण्यात विष निजून राहतं. पिशवी उघडली की तो श्वासाचा वायू उडून जातो. वर आमचं चुनखडीचं पाणी पडलं की आंबटपणा जातो आणि तीन दिवसांचं विष एकदम जागं होतं. दहा मिनिटांच्या वाटेवर पिशवीत विष साठतच नाही. म्हणून चाळीस वर्षं त्याचं काही बिघडलं नव्हतं. थेंबागणिक तो त्यांना मारत होता. सावकाश, जपून.

त्या क्षणी तो एवढंच म्हणाला, "सोड. सरळ सोड."

मी जाळी घेतली आणि माद्या टाकीत नेल्या. चार पोहल्या. गवतापर्यंत गेल्या. मग मी नरांची पिशवी कात्रीने फाडली, त्यांना जाळीत घेतलं आणि सोडलं. मोजून तीन सेकंद लागले.

दोन वाजता शेवटची मादी तळाला गेली.

व्हर्लिन स्टुलावरून उठला नाही. गुत्त्यातून माशाच्या तळणाचा वास यायला लागला होता. मी नऊ माद्या ओल्या कागदावर एका ओळीत ठेवल्या. चौघींची पोटं फुगीर होती. तो ओणवा झाला, त्याने बोटाने एकेकीला हात लावला आणि मागे सरला.

"पोट कापून पिल्लं—" मी म्हटलं.

"नाही. कधीच गेली."

टाकीत तिन्ही नर सावरले होते. पाणी उत्तम होतं. पाच आठवड्यांचं काम होतं ते. ते गवतातून पुढे आले आणि शेपट्या उघडून एकमेकांसमोर थरथरायला लागले. पिवळी किनार मी पहिल्यांदा पाहिली. सुंदर होती. त्यांचं एवढं रूप एकमेकांना दाखवण्यासाठी नव्हतं, हे मलाही कळत होतं.

चार वाजता फोन वाजला. रविवार नव्हता. व्हर्लिनने तो कानाला लावला.

"पोचले?" आर्डिथचा आवाज पूर्वीइतकाच मोठा होता.

"पोचले."

"किती जिवंत?"

"बाराच्या बारा आले."

"देवा!" ती रडत होती की हसत होती कळेना. "आणि तू? थेंब थेंब नाही ना केलंस?"

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. चिठ्ठी अजून माझ्या खिशात होती.

"आर्डिथ," तो म्हणाला, "तुझं बरोबर होतं. सरळ सोडलेले जगतात."

ती ओरडली. "काय म्हणालास? थांब, थांब. रोझालबा, इकडे ये. या म्हाताऱ्याने तीस वर्षांनी हार मानली. व्हर्लिन, परत म्हण. तिला ऐकव."

"तुझं बरोबर होतं," व्हर्लिन मोठ्याने म्हणाला.

पलीकडे आर्डिथ आणि तिची परिचारिका, दोघी हसल्या.

"पिल्लं झाली की आधी मला कळवायचं," आर्डिथ म्हणाली. "क्लबाला नंतर."

"तुला," तो म्हणाला. "आधी तुला."